व्हील स्पेसर : नटाला हवी पुरेशी पकड

हौशी मोटारशर्यतींत वळणावर गाडी स्थिर राहावी म्हणून हब आणि चाक यांच्यामध्ये धातूची चकती बसविली जाते. तिला ‘व्हील स्पेसर’ म्हणतात. मात्र चकतीच्या जाडीइतका स्टड कमी पडतो व नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. नट किमान स्टडच्या व्यासाइतका चढावा, असा संकेत आहे. १२ मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर अंतराचे आटे असल्यास ८ पूर्ण फेरे हवेत. चाकाचा भार मुख्यतः नटांच्या आवळणीतून निर्माण होणारे घर्षण पेलते. आवळणी सैल झाली, की स्टड वारंवार वाकतो आणि अखेर तुटतो. त्यामुळे जाड चकतीसोबत लांब स्टड अनिवार्य ठरतात. नट टॉर्क पान्यानेच आवळावेत आणि शर्यतीच्या प्रत्येक सत्रानंतर तपासावेत.