लाल तेलातलं मासळीचं कालवण

आजची गोष्ट चुलीवरची, पण चूल आफ्रिकेतल्या नायजेरियातली. नायजर नदीच्या मुखाशी खाड्यांचं जाळं आहे. तिथे मासळी आणि भेंडीचं कालवण घरोघरी आवडीनं रांधतात.

भेंडीला तार सुटू नये म्हणून आपण ती पुसून, कोरडी करून चिरतो. तिथे तारच हवी असते! लाल पामतेलात कांदा-मिरची, मग मासे, कोळंबी, खाडीच्या चिखलातल्या छोट्या शंखांचं मांस, आणि सुक्या कोळंबीची पूड. बारीक चिरलेली भेंडी शेवटी. सोबत कसाव्याच्या पिठाचा मऊ गोळा. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तोच हा कसावा. घरी करून बघायचं तर शेंगदाण्याचं तेल चालेल, पण चव ती नव्हे.

कारण त्या तेलाला इतिहास आहे. आपल्याकडचं पामतेल शुद्ध करून फिकं झालेलं. तिथलं घरगुती तेल लालभडक. ते काढण्याचं काम मुख्यतः बायकांचं. इंग्रजांच्या राज्यात १९२८ साली तिथल्या पुरुषांवर कर बसला. पुढच्या वर्षी तेलाचे भाव पडले, आणि नोव्हेंबरात ओलोको गावी न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या दारात मोजणीदार उभा राहिला. बकऱ्या, मेंढ्या, माणसं मोजून सांग म्हणाला. ती तेल काढत होती. तिनं उलट विचारलं, तुझ्या आईची मोजणी झाली होती का?

आता बायकांवरही कर येणार, हे सगळ्या समजल्या. माडासारख्या त्या झाडाची पानं गावोगाव फिरली, तेच निमंत्रण. हजारो बायका जमल्या. सरकारनं नेमलेल्या मुखियांची घरं वेढून त्या गात राहिल्या, नाचत राहिल्या. बेमुर्वत पुरुषाला वठणीवर आणायची ही तिथली जुनी रीत. आम्हाला ती फार आवडली. पण गोळीबार झाला. पन्नासहून अधिक बायका मेल्या. बायकांवरचा कर मात्र आला नाही, आणि मुखिया नेमायची पद्धतही बदलावी लागली.

कालवणातली मासळी ज्या खाडीतून येते, तिची लढाई नंतरची. बोडो गावाजवळ २००८ साली खनिज तेलाची नळी दोनदा फुटली. खारफुटी जळाल्यासारखी झाली, मासे आणि शंख मेले. गावकरी लंडनच्या कोर्टात गेले. २०१५ साली शेल कंपनीनं साडेपाच कोटी पौंड द्यायचं कबूल केलं. बोडो ज्या ओगोनी भागात येतं, तिथली जमीन आणि पाणी पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षं लागतील, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानं २०११ सालीच सांगितलं होतं.