गुन्हा एकाचा, हजेरी घराची

धारवाड म्हटलं की आपल्याला पेढे आठवतात, गाणं आठवतं. रेल्वे स्टेशनाजवळची मळमड्डी तर मराठी माणसाला परकी वाटतच नाही. पण याच जुळ्या शहराच्या दुसऱ्या अंगाला, वीसेक किलोमीटरवरच्या हुबळीत, एका भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात. मळमड्डीचं कौतुक करताना मला हल्ली त्या नावाचीही आठवण होते.

१८७१ साली इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. १९११च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार ठरवली की कोर्टातही दाद मागता येत नसे. मग बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, आणि मुक्काम हलवायचा तर आधी वर्दी. हुबळी, सोलापूर, विजापूर, गदग इथे या लोकांसाठी वसाहती झाल्या. त्यांचा कारभार पाहणारे स्टार्ट साहेब दुष्ट होते असं नाही. गिरणीत काम द्यावं, मुलांना शिकवावं, ही त्यांची तळमळ होती. पुढे अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या ज्या समितीचे ते अध्यक्ष झाले, तिच्यात बाबासाहेब आंबेडकरही होते.

पण मी अडतो तो मुलांपाशी. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याची मुभा त्या कायद्यात होती. ज्या पोराने काहीच केलेलं नाही, त्याच्या आईने काय करायचं? चोरी एखाद्याने केलीही असेल. शिक्षा मात्र चुलीपर्यंत पोचली.

हा कायदा मुंबई प्रांतात १९४९ साली गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ला देशभरातून. या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि पोलिसांची नजर तीच राहिली. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (१९८७) वाचलं की कळतं, पोलीस दारात आले की घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचीही सुटका नसते. याच प्रश्नावर १९९८ साली महाश्वेतादेवी आणि गायकवाडांच्या बरोबरीने उभे राहिलेले गणेश देवी पुढे २०१६ साली धारवाडात राहायला आले.

मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये अल्पवयीन नातेवाइकांची माहिती घालू नका, आणि केवळ मागास जमातीचा म्हणून कुणाची नोंद उघडू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमुक्तांना ‘सराईत’ समजणारे तुरुंगांचे नियमही न्यायालयाने मोडीत काढले. पहिल्या कायद्यापासून इथवर यायला दीडशे वर्षं लागली.

आपल्या गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते, म्हणून हा कायदा इथे आला नाही. पण वाड्यावर चोरी झाली की आपली पहिली नजर कुणाकडे वळते? घाटावरून पोटासाठी आलेल्या, झोपडीत राहणाऱ्या माणसाकडेच ना? त्या झोपडीतही मुलं असतात, आणि पोलीस येतात तेव्हा तीही बघत असतात.