गंजका पिकअप, आत कॉर्वेटच्या घराण्यातलं इंजिन : अमेरिकेतला हॉट रॉड ट्रकचा नाद नेमका काय आहे?

रील्स स्क्रोल करताना हे कधीतरी समोर आलं असेल. साठ-सत्तर वर्षं जुना पिकअप. रंग उडालेला, पत्र्याला गंज, दारावर कुठल्यातरी बंद पडलेल्या दुकानाचं पुसट नाव. बघणाऱ्याला वाटतं गाडी भंगारात निघालीय. तेवढ्यात मालक बॉनेट उचलतो, तर आत चकाचक व्ही-८ इंजिन. चावी फिरवली की असा आवाज की मोबाईलचा स्पीकर फाटावा.

आणि खाली कमेंटमध्ये आपलं कुणीतरी विचारतंच, भावा हे लीगल आहे का?

या गाड्यांना म्हणतात हॉट रॉड ट्रक. त्या लीगल आहेत का, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही, कारण अख्खा नाद त्याच्यावरच टिकून आहे. पण आधी ही भानगड काय आहे ते बघू.

पहिला घोळ शब्दाचा. आपल्याकडं ट्रक म्हटलं की दहा टायरचा, मागं 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला गडी डोळ्यासमोर येतो. अमेरिकेत ट्रक म्हणजे बहुतेक वेळा पिकअप. आपल्याकडं कांद्याच्या गोण्या घेऊन लासलगावला जाणारी बोलेरो पिकअप असते ना, त्याच खानदानातला. फोर्डनं १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला मागं लोखंडी हौदा लावून कारखान्यातूनच पिकअप विकायला सुरुवात केली. किंमत होती २८१ डॉलर. शेतकरी, सुतार, प्लंबर, दूधवाले, सगळ्यांची ही कामाची गाडी. शौकाची नव्हे.

शौक सुरू झाला वेगळीकडं. दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉक, एल मिराज असे सुकलेले तलाव आहेत. मैलोन् मैल सपाट, कडक जमीन. १९३० च्या दशकात तिथली पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, टप, जे काही वजनदार असेल ते काढून फेकायची आणि गाडी किती पळते ते बघायची. १९३२ मध्ये फोर्डनं सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-८ इंजिन दिलं, ६५ हॉर्सपॉवरचं, आणि या पोरांच्या हातात कोलीतच मिळालं. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली, शर्यतींना नियम आले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जवानांना यंत्रं खोलायची सवय लागलेली होती आणि खिशात थोडे पैसेही होते. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिकच निघालं.

मग यात पिकअप कुठून आला?

कारण पैशाचं आहे. जुन्या देखण्या कूप गाड्यांचे भाव वाढत गेले. पिकअप मात्र गोठ्याच्या मागं, झाडाखाली, कुणी विचारत नाही अशा अवस्थेत पडून असायचे. १९४७ नंतरचे गोलमटोल शेवरोले, १९५३ ते ५६ चा फोर्ड एफ-१००, १९६७ ते ७२ चा शेवरोले सी-१०, ही आज या नादातली मानाची नावं. अर्थात, आता त्यांचेही भाव चढलेत. स्वस्त म्हणून सुरू झालेला शौक स्वस्त राहत नाही, हे आपल्याकडच्या जुन्या बुलेटवाल्यांना सांगायला नको.

दुसरं कारण यांत्रिक. या पिकअपची चासी शिडीसारखी असते. दोन लांब पोलादी पट्ट्या, मध्ये आडव्या पट्ट्या. केबिन, हौदा, इंजिन हे सगळं त्या शिडीवर बोल्टनं बसवलेलं. म्हणजे बोल्ट खोला, एक वस्तू काढा, दुसरी बसवा. आजच्या बहुतेक कारमध्ये बॉडी आणि चासी एकच असते, तिथं असला खेळ फार अवघड जातो.

आता मुख्य विषय, इंजिन.

शेवरोलेनं १९५५ मध्ये स्मॉल ब्लॉक नावाचं व्ही-८ आणलं. आकारानं आटोपशीर, वजनानं त्या मानानं हलकं आणि दुरुस्तीला सोपं. २०११ मध्ये जनरल मोटर्सनं या परंपरेतलं १० कोटीवं इंजिन बनवलं. १० कोटी! एवढी इंजिनं असल्यावर पार्ट गल्लोगल्ली मिळणार, भंगारातही मिळणार. त्यामुळं कित्येक दशकं सगळ्यांचा एकच फॉर्म्युला होता, जुना पिकअप घ्या आणि ३५० क्युबिक इंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं स्मॉल ब्लॉक टाका. गमतीनं सांगायचं तर फोर्डच्या पिकअपमध्येही शेवरोलेचं इंजिन टाकणारे होते, आणि त्यावरून फोर्डवाले अजून चिडतात.

१९९७ च्या कॉर्वेट या स्पोर्ट्स कारमध्ये एलएस-१ नावाचं नवं इंजिन आलं. १९९९ पासून याच घराण्यातली ४.८ आणि ५.३ लिटरची इंजिनं कंपनीच्या साध्या पिकअपमध्ये बसायला लागली. असे पिकअप लाखोंनी विकले गेले, त्यातले पुष्कळ अपघातात गेले आणि त्यांची चालू इंजिनं भंगारवाल्याकडं आली. तिथून सुरू झाला 'एलएस स्वॅप'. १९५० च्या शेवरोले पिकअपचं मूळ सहा सिलिंडरचं इंजिन जेमतेम ९० हॉर्सपॉवरच्या आसपास द्यायचं. भंगारातलं ५.३ काही न करता २७० च्या वर देतं.

रीलमध्ये हे काम ३० सेकंदांत होतं. खऱ्या आयुष्यात दोन-तीन वर्षं सहज जातात. इंजिन चासीवर टेकवायला नवे माउंट लागतात. तळाचं ऑईल पॅन आडव्या पट्टीला अडतं, ते बदला. जुन्या कार्ब्युरेटरला पेट्रोल ५ ते ७ पीएसआय दाबानं पुरायचं, एलएसला साधारण ५८ लागतो, म्हणजे पंप आणि पाईप नवे. मग कॉम्प्युटर, सेन्सर आणि वायरिंगचं जंजाळ. बरेच प्रोजेक्ट इथंच अडकतात आणि गाडी गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली जाते.

एक गोष्ट रीलवाले सांगत नाहीत. ताकद वाढवायच्या आधी ब्रेक वाढवावे लागतात. यातल्या बहुतेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असायचे आणि त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकची एकच लाईन असायची. ती फुटली की सगळे ब्रेक गेले. १९६७ ते ७२ च्या सी-१० मध्ये तर पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागं. जाणकार मंडळी आधी टाकी मागं हौद्याखाली नेतात, पुढं डिस्क ब्रेक लावतात, मगच इंजिनाला हात घालतात.

गाडी बनली की ती दाखवायला हवी. त्यासाठी असतं क्रूझ-इन. हे म्हणजे बक्षीसवालं प्रदर्शन नव्हे. शुक्रवारची किंवा शनिवारची संध्याकाळ, एखाद्या हॉटेलचं पार्किंग, रांगेत उभ्या गाड्या, उघडी बॉनेटं आणि शेजारी घडीच्या खुर्च्यांवर बसलेले काका लोक. कॅलिफोर्नियात बरबँकच्या बॉब्ज बिग बॉय हॉटेलबाहेर दर शुक्रवारी असा मेळा भरतो. सगळ्यात मोठा डेट्रॉइटचा वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ मध्ये फर्नडेल गावातल्या एका फुटबॉल मैदानासाठी निधी जमवायला तो सुरू झाला. आता ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी सुमारे ४० हजार गाड्या रस्त्यावर येतात.

नियम न लिहिलेले, पण पक्के. दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही. आणि निघताना टायर जाळून धूर काढायचा नाही. कारण एकानं मस्ती केली की तक्रार जाते, हॉटेलवाला पुढच्या आठवड्यापासून पार्किंग बंद करतो आणि बाकीचे बसतात बोंबलत. कॅलिफोर्नियात कित्येक शहरांनी रस्त्यावर हळूहळू गाड्या फिरवण्यावरच बंदी घातली होती. ती उठवणारा कायदा जानेवारी २०२४ मध्ये लागू झाला.

आता त्या कमेंटचं उत्तर.

कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. त्यामुळं १९७२ च्या सी-१० मध्ये इंजिन बदलायला रान मोकळं आहे. तोच खेळ १९७७ च्या पिकअपमध्ये केला, तर इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचंच हवं, प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा सोबत हवी आणि सरकारी रेफ्रीकडून पास व्हायला हवी. ३५ वर्षांपेक्षा जुन्या संग्राह्य गाड्यांना सूट द्यावी म्हणून जे लेनो या प्रसिद्ध कॉमेडियनच्या पाठिंब्यानं विधेयक आलं होतं. सिनेटनं ते मंजूर केलं, पण ऑगस्ट २०२५ मध्ये असेंब्लीच्या समितीत ते अडलं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, जुनं कार्ब्युरेटरचं इंजिन आजच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त घाण सोडतं. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट नीट बसवलेलं एलएस त्या जुन्या इंजिनापेक्षा स्वच्छ असू शकतं, हेही तितकंच खरं.

आणि महाराष्ट्रात? इथं आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. सीएनजी किट बसवायला मार्ग आहे, रंगही बदलता येतो. पण आजोबांच्या जीपमध्ये भलत्याच गाडीचं दुप्पट ताकदीचं इंजिन टाकून रस्त्यावर आणता येत नाही. २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले, २० हजार रुपये फी भरून ती मिळते. अट एकच, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नको.