टोपी काढलेली बंदूक

गेल्या महिन्यात ताईचा पुण्याहून फोन आला. पाऊस, गुडघे, भाताची लावणी असं सगळं बोलून झालं आणि मग हळूच म्हणाली, "तुझ्या भाच्याने तिकडे बंदूक घेतली आहे. मी काही बोलले नाही. त्याला काय सांगायचं ते तूच सांग. तुझ्याइतकं कोण सांगणार?"

त्या शेवटच्या वाक्यात काय होतं ते आम्हा दोघा भावंडांनाच ठाऊक. त्यावर पुढे येतोच.

भाचा टेक्सासमध्ये असतो. फोन लावला तर स्वारी खुशीत. "मामा, अरे स्पोर्टिंग रायफल आहे. बावीस बोअरची, सेमी-ऑटोमॅटिक. ऑफिसातली पोरं रेंजवर जातात, मीही जातो. आणि आपल्या घरात होतीच की बंदूक. आबांची!"

होती. पण कुठे आबांची आणि कुठे तुझी, बाबा!

ज्यांनी ती पाहिली नाही त्या धाकट्या मंडळींसाठी सांगतो. आबांची बंदूक ठासणीची. आमच्या कशेळ्याच्या आसपास तेव्हा ज्यांच्याकडे बंदुका होत्या त्यांच्याकडे बहुतेक अशाच. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छरे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणी. शेवटी मागच्या बाजूला निप्पलवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटणार, ठिणगी आत जाणार आणि बार उडणार. हे सगळं दिवसा, शांतपणे करायला मिनिटभर लागे. रात्री माळ्यावर बसून, खाली शेतात रानडुकरांची खसफस ऐकत करायचं तर दोन मिनिटं. तोवर डुकरं खांडसच्या जंगलात पोचलेली असत! आबांनी त्या बंदुकीने आयुष्यात किती डुकरं मारली असतील? माझ्या आठवणीत एकही नाही. आवाजाने पळत, तेवढंच काम.

ठासणीचीच का, याचं उत्तर कायद्यात आहे हे मला फार उशिरा कळलं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच काडतुसाची, गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणजे शेतकऱ्याला बंदूक मिळावी, पण सावकाश उडणारी मिळावी, असा सगळा विचार. पुढे वन्यजीव कायदा (१९७२) आला, १९८५ मध्ये वर भीमाशंकरचं अभयारण्य झालं. त्या कायद्याप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानेधारकाने वनखात्याकडेही नोंद करायची. आता शेताची नासधूस करणारं डुक्कर मारायलाही आधी परवानगी लागते. त्यामुळे माळे ओस पडले आणि फटाके वाजायला लागले. असो.

खरं म्हणजे आमच्या या खोऱ्याला बंदुकीचं वावडं कधीच नव्हतं. घराच्या पुढल्या बाजूने पेठचा किल्ला दिसतो, म्हणजे कोथळीगड. संभाजी महाराजांच्या काळात तिथे दारूगोळ्याचा, शस्त्रांचा साठा असे. तोफा आजही पडलेल्या आहेत. आम्ही लहानपणी त्यांच्यावर घोडा घोडा खेळलो आहोत. १८१७ च्या डिसेंबरअखेरीस इंग्रजांच्या कॅप्टन ब्रुक्सने तो घेतला आणि पेशवाई संपता संपता हे खोरं कंपनीच्या हाती गेलं.

त्यानंतर साठ वर्षांनी, १८७८ साली, लॉर्ड लिटनने शस्त्र कायदा आणला. बंदूक बाळगायला हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनांना मात्र सूट. नेमक्या पुढच्याच वर्षी आमच्या शेजारच्या पनवेल तालुक्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं. रामोशी बरोबर घेऊन. कायद्याचा आणि बंडाचा थेट संबंध जोडायचा नाही मला, पण दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या की इंग्रजांना कशाची धास्ती होती ते समजतं. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये बिपिनचंद्र पालांनी हा कायदाच रद्द करा म्हणून भाषण केलं होतं. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असावा असं कलम होतं!

मग ते राज्यघटनेत का आलं नाही? १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामतांनी तशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. भाच्याच्या नव्या देशात मात्र १७९१ पासून हा हक्क घटनेतच आहे. आपल्याकडे बंदूक हा परवाना आणि तिकडे तो हक्क, हा फरक त्या दोन तारखांमध्ये आहे. (आपल्याकडे एक गंमतीचा अपवाद आहे. कूर्गच्या कोडवा लोकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यात सूट आहे आणि ती २०२९ पर्यंत वाढवलेली आहे.)

भाई कोतवालांचं नाव घेतल्याशिवाय आमच्याकडची बंदुकीची गोष्ट पुरी होत नाही. माथेरानचे वकील, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढणारा माणूस. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. भाई आणि हिराजी पाटील तिथेच गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी जानेवारीत लोक सिद्धगडावर जातात. मी पहिल्यांदा आबांबरोबर गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले की समोर रायफली असल्या की माणसाला वळून बघायलाही वेळ मिळत नाही.

वेळ. मला भाच्याला हेच सांगायचं होतं.

ठासणीच्या बंदुकीत एका बाराला मिनिट लागायचं. लष्करातला कसलेला शिपाईसुद्धा मिनिटाला तीनच बार काढायचा. मग मागून काडतूस घालायच्या बंदुका आल्या. मग आली थ्री-नॉट-थ्री, तिच्या मॅगझीनमध्ये दहा गोळ्या, पण प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट उचलून, मागे ओढून, पुढे ढकलायचा. कॉलेजात एनसीसीत आम्ही बावीसच्या रायफली चालवल्या त्याही बोल्टच्याच. त्या एका हालचालीत डोकं ताळ्यावर यायला क्षणभर मिळतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तोही गेला. गोळी सुटण्याच्या जोरावरच रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढची गोळी आपोआप नळीत जाऊन बसते. तुम्ही फक्त चाप ओढायचा. दर वेळी एक गोळी, हे खरं. चाप दाबून धरला की सुटतच राहते ती वेगळी, ती ऑटोमॅटिक. पण पुढची गोळी कायम तयार. माणसाने शंभर-सव्वाशे वर्षं डोकं खर्चून कमी काय केलं, तर विचार आणि बार यांच्या मधला वेळ.

आणि बघा, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, ते एकेक गोळी हाताने भरून. त्या खेळात नियमच तसा आहे.

आता ताईच्या वाक्याकडे.

१९७४ ची दिवाळी. मी बारा वर्षांचा. आपला जिल्हा तेव्हा कुलाबाच होता, रायगड नाव सात वर्षांनी पडलं. आबा रात्रभर माळ्यावर बसून पहाटे घरी आले. डुकरं आलीच नव्हती, त्यामुळे बार तसाच आत. ठासणीच्या बंदुकीची हीच तर अडचण, भरलेला बार सहज काढता येत नाही, उडवावाच लागतो. दारू महाग, उगाच कोण उडवणार? मग काय करत, तर टोपी काढून खिशात ठेवत आणि बंदूक खुंटीला लावत. आबा नेहमी म्हणत, "टोपी काढली की बंदूक मेली." आम्ही पोरांनी ते पाठ केलं होतं.

त्या दिवशी दुपारी आबा झोपलेले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टोप्यांची डबी. मला फक्त टोपीचा 'टक्' असा आवाज ऐकायचा होता, टिकलीसारखा. बंदूक मेलेली आहे हे तर मला माहीतच होतं! टोपी बसवली, घोडा ओढला, आणि ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या ताईकडे नळी करून "हात वर" म्हणालो. ताईने सूप खाली ठेवलं आणि चिडून माझ्या हाताला झटका दिला. तेवढ्यात चाप ओढला गेला.

बार वर गेला. कौलं फुटली. वाशात छरे रुतले. धूर, माती, ताईच्या केसांत कौलाचे तुकडे. ती सतरा वर्षांची होती.

आबांनी मला मारलं नाही. ते ओसरीच्या पायरीवर बसून राहिले, आणि संध्याकाळी मला जवळ बोलावून गजावरची खूण दाखवली. रिकाम्या नळीत गज पूर्ण आत जातो, खूण तोंडाशी येते. बार असेल तर गज चार बोटं वर राहतो. "बघितल्याशिवाय रिकामी म्हणायची नाही. मी चुकलो," असं म्हणाले. बाप पोरासमोर 'मी चुकलो' म्हणतो हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. भाच्याला ही गोष्ट पन्नास वर्षांत कोणी सांगितली नव्हती. त्या दिवशी फोनवर मी सांगितली. तो बराच वेळ गप्प होता.

मग म्हटलं, आता ऐक. तुझ्या रायफलीचं मॅगझीन म्हणजे आबांची टोपी. मॅगझीन काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली असं तुला वाटेल, पण एक गोळी आत नळीच्या मागच्या घरात बसलेली असू शकते. म्हणून क्रम कधी उलटा करायचा नाही. आधी मॅगझीन काढ, मग बोल्ट दोन-तीनदा पूर्ण मागे ओढ, मग डोळ्यांनी बघ, आणि अंधार असेल तर बोट घालून चाचप. आधी बोल्ट ओढून मग मॅगझीन काढलंस तर एक गोळी बाहेर पडेल आणि दुसरी आत जाऊन बसेल, आणि तू समाधानाने रायफल भिंतीला टेकवशील.

चाप ओढल्यावर काहीच झालं नाही तर नळी समोरच धरून मनात तीस आकडे मोज, बार कधीकधी उशिरा उडतो. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर तिथेच थांब. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तुझी रायफल दुसरी आपणहून तिच्यामागे भरून तयार ठेवू शकते. आबांच्या बंदुकीने अशी घाई कधी केली नसती. छऱ्यांचा जोर थोड्या अंतरात संपतो, पण बावीसची इवलीशी गोळीही दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, तेव्हा निशाणाच्या मागे मातीचा बांध आहे ना, हे दर वेळी बघ.

कायद्याचंही विचारलं. त्याचं ग्रीन कार्ड झालेलं आहे म्हणून ठीक. एच-वन व्हिसावरच्या माणसाला तिथे एरवी बंदूक बाळगता येत नाही, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. आपल्या किती पोरांना हे ठाऊक असतं कोण जाणे, मित्राची रायफल हातात घेऊन फोटो काढतात. शिवाय टेक्सासमध्ये जे चालतं ते न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात चालेलच असं नाही. नोकरी बदलून घर हलवण्याआधी तिथला कायदा वाच म्हटलं.

आणि रायफल कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, किल्ली स्वतःजवळ. त्याचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. "त्याला समजावून सांगितलंय मामा, हात लावायचा नाही." मलाही सांगितलं होतं रे. आणि फक्त मुलासाठीच नव्हे. अमेरिकेत बंदुकीने जितके जीव जातात त्यातले निम्म्याहून अधिक आत्महत्येचे असतात. घरात कोणाचेही दिवस वाईट असतील, तुझे स्वतःचेसुद्धा, तर ती सरळ दुसऱ्याकडे ठेवून दे. किल्ली शोधायला जाणारा वेळसुद्धा खूप असतो.

"विकून टाकू का?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. आबांनीही ती बंदूक विकली नाही. पुढे तीस वर्षं वापरली, दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा केली आणि परत आणली. फक्त त्या दिवसानंतर पहाटे घरी यायच्या आधी बांधावर उभं राहून बार हवेत उडवून टाकत. त्या आवाजाने आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची. आबा गेल्यावर मी ती जमा केली, माझ्या नावावर करून घेतली नाही.

फोन ठेवताना भाच्याने विचारलं, तो वासा आहे का अजून. घर नव्याने बांधलं तेव्हा जुनं लाकूड गोठ्याला वापरलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. वासा आहे, पाच छऱ्यांची भोकंही आहेत, त्यातल्या एकात कुंभारमाशीने घर केलंय. फोटो काढून त्याला पाठवला आणि ताईलाही.

ता. क. भाचा डिसेंबरात सहकुटुंब येतोय. त्याला बजावलंय की रेंजवर नेतोस ती पिशवी विमानात आणायचीच नाही, आणि दुसरी आणलीस तरी तिचा खप्पा न् खप्पा उलटा करून झाड. विसरून राहिलेल्या एका जिवंत काडतुसापायी आपल्या विमानतळांवर माणसं शस्त्र कायद्याखाली पकडली जातात. काडतूस जाणूनबुजून जवळ ठेवलं नव्हतं असं दिसल्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने असे कित्येक गुन्हे रद्द केलेत, पण तोवर सुट्टी कोर्टात जाते.