नेटवेअर डीबगर
नेटवेअर डीबगर हे नॉव्हेल या अमेरिकन कंपनीच्या नेटवेअर या सर्व्हर-कार्यप्रणालीत अंतर्भूत असलेले निदान-साधन होय. सर्व्हर अकस्मात थांबल्यावर त्या क्षणीची त्याची स्मृती व प्रक्रियकाची अवस्था तपासण्यासाठी त्याचा उपयोग होत असे. अशा थांबण्यास ‘अ‍ॅबेंड’ म्हणत. ‘असाधारण शेवट’ या अर्थाची ही संज्ञा आयबीएमच्या महासंगणकांकडून आलेली आहे.

१९८९ मधील नेटवेअर ३८६ पासून चकती, नेटवर्क कार्ड, मुद्रण इत्यादींची कामे ‘एनएलएम’ नावाचे विभाग करीत. ते कार्यप्रणालीच्याच स्मृतीत, तिच्याइतक्याच अधिकारांनी चालत. वेग त्यामुळे वाढला. पण सदोष विभागाने दुसऱ्याच्या स्मृतीत ढवळाढवळ केल्यास अडवणारे कोणी नसे. असा बिघाड ध्यानात येताच प्रणाली स्वतःच थांबे. दूषित माहिती चकतीवर लिहिली जाण्यापेक्षा काम खोळंबलेले बरे, हा त्यामागील विचार होता.

प्रवेश

सर्व्हरच्या कळफलकावरील दोन्ही शिफ्ट, आल्ट व एस्केप या चार कळा एकत्र दाबल्या की डीबगर उघडे आणि पडद्यावर ‘#’ हे चिन्ह येई. ही कसरत चुकून घडण्याजोगी नाही, हे बरेच. कारण चालू सर्व्हरवर ती केल्यास सर्वांचेच काम जागीच गोठे. ‘.ए’ या आज्ञेने थांबण्याचे कारण, तर ‘.आर’ने त्या वेळी चालू असलेली प्रक्रिया कळे. ‘.सी’ने संपूर्ण स्मृतीची प्रत काढता येई. ‘जी’ने काम पुढे सुरू होई, तर ‘क्यू’ने डॉसमध्ये परतता येई.

कार्यालय खोळंबलेले असताना वीज बंद करून सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचा मोह स्वाभाविक होता. मात्र तसे केल्यास स्मृती पुसली जाई आणि दोषी विभागाचा माग उरत नसे. उलट, प्रत काढण्यास सर्व्हरच्या स्मृतीएवढी जागा लागे व वेळही जाई.

सुरक्षितता

डीबगरमधून सर्व स्मृती वाचता व बदलता येई; म्हणून सर्व्हरची खोली कुलूपबंद ठेवणे आवश्यक ठरे. ‘सिक्युअर कन्सोल’ ही आज्ञा दिल्यावर कळफलकावरून डीबगरमध्ये शिरता येत नसे. परंतु मग अ‍ॅबेंडचा संदेश न देता नुसताच गोठलेला सर्व्हर तपासण्याचा मार्गही बंद होई.

१९९६ मधील नेटवेअर ४.११ मध्ये दोषी प्रक्रिया बाजूला सारून सर्व्हर शक्यतो चालू ठेवण्याची सोय आली. बिघाडाचा तपशील ‘अ‍ॅबेंड डॉट लॉग’ या फाइलमध्ये आपोआप नोंदला जाऊ लागला, त्यामुळे केवळ कारण जाणून घेण्यासाठी डीबगर उघडण्याची गरज बहुधा उरली नाही.