चहाच्या कपातलं कुत्रं

परवा लेकीने मोबाइलवर 'टीकप' कुत्र्याचं पिल्लू दाखवलं. "मम्मी, घेऊया ना!" मी तिला एक जुनी हकिकत सांगितली.

१८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले. जैन, हिंदूही सोबत होते. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळाचा पाया घातला गेला. त्याचीच शाखा आपल्या भिवंडीत आहे.

लोक मुक्या जिवासाठी एवढे झगडले, आणि आज आपण हौसेपोटी काय मागतोय? 'टीकप' ही मान्यताप्राप्त जात नाहीच. वेतातली सर्वांत लहान, अशक्त पिल्लं निवडून त्यांची पैदास करतात. मग कुणाची टाळू भरत नाही, कुणाच्या गुडघ्याची वाटी सरकते. एक वेळचं खाणं चुकलं तरी रक्तातली साखर उतरून झटके येऊ शकतात.

अहिंसाव्रताचे अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार, अन्नपाननिरोध. मला वाटतं, शोभेसाठी दुबळा जीव जन्माला घालायला लावणं हाही दोषच.

लेक थोडी रुसली. मग म्हणाली, "रविवारी पांजरपोळात जाऊया?"

जाणार आहोत.