शेततळ्यातले मासे पहाटेच का मरतात? पाण्यातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची माहिती

संध्याकाळी खाद्य टाकलं तेव्हा मासे ठणठणीत होते आणि सकाळी मरून तरंगताना दिसले, की पहिली शंका येते कुणीतरी विष टाकल्याची. पण अनेकदा कारण वेगळंच असतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन रात्रीतून संपलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, मीटरवर मात्र कळतो.

पहाटे का घटतो?
दिवसा उन्हात पाण्यातलं हिरवं शेवाळ ऑक्सिजन तयार करतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ तो वापरतात. म्हणून सूर्योदयाच्या आधी पातळी सर्वांत कमी असते. सलग ढगाळ दिवसांत धोका वाढतो. गरम पाण्यात ऑक्सिजन मावतोही कमी: २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साधारण साडेसात.

किती हवा?
रोहू, कटला, मृगळ यांना लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर चांगला. ३ च्या खाली मासे खाणं कमी करतात. २ च्या खाली मरतूक होऊ शकते.

सेन्सरचे दोन प्रकार
१) पडद्याचा: टोकाला पातळ पडदा, आत द्रावण आणि दोन इलेक्ट्रोड. आत येणाऱ्या ऑक्सिजनप्रमाणे वीजप्रवाह बदलतो. तुलनेने स्वस्त. मोजताना तो पाण्यात हलवत राहावा लागतो, नाहीतर आकडा कमी दिसतो. पडदा आणि द्रावण अधूनमधून बदलावं लागतं.
२) प्रकाशाचा (ऑप्टिकल): टोकावरच्या रंगद्रव्यावर प्रकाश पडला की ते चमकतं. ऑक्सिजन जितका जास्त, तितकी चमक लवकर विझते. महाग, पण हलवावा लागत नाही आणि देखभाल कमी.

मोजताना हे पाळा
- कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे कॅलिब्रेशन करा. बहुतेक मीटर दमट हवेत १०० टक्क्यांवर लावतात.
- टोकावर शेवाळ बसलं की आकडा चुकतो. मऊ ओल्या कापडाने पुसा.
- फक्त दुपारचा आकडा फसवा असतो. पहाटे आणि संध्याकाळी मोजा, तळाजवळही मोजा.

आकडा पडला तर?
खाद्य बंद करा, एरेटर चालू करा. एरेटर नसेल तर मोटारीने तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं परत सोडा. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन अनेकदा कमी असतो, म्हणून तेही फवारूनच सोडा. मासे वर येऊन तोंड उघडमीट करत असतील, तर मीटर शोधत बसू नका. आधी पाण्यात हवा घाला.